एकच वस्तू, वेगवेगळे भाव : कायद्याची भूमिका

इंदूरच्या सियागंजात चहाचा तोच पुडा किराणा दुकानदाराला घरगुती ग्राहकापेक्षा स्वस्त मिळतो. सराफ्यात सोन्याचा दिवसाचा भाव एकच असला, तरी घडणावळ ओळखीच्या गिऱ्हाइकाला कमी लागते. वाणिज्याच्या वर्गात यावरून एक प्रश्न निघतो : हे बेकायदेशीर नाही काय?

सर्व ग्राहकांना एकच भाव लावावा, असा सर्वसाधारण नियम भारतीय कायद्यात नाही. घासाघीस, घाऊक सूट, जुन्या गिऱ्हाइकाला सवलत हा कराराचा भाग समजला जातो. कायदा आडवा येतो तो काही ठरावीक ठिकाणीच, आणि ती ठिकाणे विद्यार्थ्यांना नीट दाखविणे आवश्यक आहे. अन्यथा ते निरर्थक तक्रारी करतात किंवा खऱ्या तक्रारीच्या वेळी गप्प बसतात.

पहिले ठिकाण म्हणजे बंद पुडा. त्यावरील कमाल किरकोळ किंमत ही मर्यादा आहे, निश्चित भाव नव्हे. तिच्याखाली दोघांना दोन भाव लावता येतात. तिच्यावर घेणे हा गुन्हा ठरतो. मात्र कंपन्यांनी यातून वाट काढली होती. पाण्याच्या त्याच बाटलीवर चित्रपटगृहासाठी एक व बाजारासाठी दुसरी किंमत छापली जाई. बिग सिनेमाज प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१६ मध्ये ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली. पुढे आवेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०१८ पासून, अनुचित वा निर्बंधक प्रथेचा अवलंब करून एकाच वस्तूवर दोन किमती छापण्यास उत्पादक, आवेष्टक व आयातदार यांना मनाई झाली. हॉटेलांचा प्रश्न मात्र निराळा राहिला. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तेथे ग्राहक केवळ बाटली विकत घेण्यास जात नाही, बसण्याची जागा व सेवाही घेतो. म्हणून छापील किमतीपेक्षा अधिक आकारणी करता येते. ग्राहकांना हा निकाल पटणे कठीण, पण कायदा तोच आहे.

विजेचे उदाहरण वर्गात अधिक उपयोगी पडते. इंदुरात घर व दुकान शेजारी असूनही युनिटचा दर वेगळा असतो. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६२(३) नुसार दर ठरविताना कोणत्याही ग्राहकाला अवाजवी झुकते माप देता येत नाही. परंतु भार, विजेचा दाब, वापराची वेळ, भौगोलिक स्थान, वापराचा हेतू इत्यादी कारणांवरून भेद करता येतो. म्हणजे भेदाला मनाई नाही, पण त्याचे कारण कायद्यात बसले पाहिजे.

तिसरे ठिकाण बाजारावरील वर्चस्वाचे. १९६९ चा मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियम १ सप्टेंबर २००९ रोजी रद्द झाला. आता स्पर्धा अधिनियम, २००२ चे कलम ४ लागू आहे. वर्चस्व असलेल्या उद्योगाने भेदभावाची किंमत लावणे हा वर्चस्वाचा दुरुपयोग होय. स्पर्धेला तोंड देण्यासाठी लावलेली किंमत यातून वगळली आहे. सियागंजातील दुकानदाराकडे असे वर्चस्व नाही, म्हणून हे कलम त्याला शिवत नाही. औषधांच्या कुप्यांसाठी काचनळ्या बनविणाऱ्या शॉट ग्लास कंपनीला स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये सवलतींच्या पद्धतीवरून दंड केला होता. अपिलीय न्यायाधिकरणाने तो रद्द केला व १३ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचे अपील फेटाळले. जितकी खरेदी तितकी सूट, आणि तो टप्पा सर्व खरेदीदारांना खुला, हा भेदभाव नव्हे. शिवाय स्पर्धेला प्रत्यक्ष हानी झाल्याचे दाखवावे लागते, असा या निकालाचा आशय आहे.

नवा प्रश्न मोबाईलमधून आला आहे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला व उबर यांना नोटिसा दिल्या. आयफोन व अँड्रॉइड फोनवर त्याच प्रवासाचे भाडे निराळे दिसते, असा आरोप होता. दोन्ही कंपन्यांनी तो नाकारला. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील अनुचित प्रथांच्या यादीत केवळ ‘वेगळा भाव’ असे शब्द नाहीत. घासाघिशीत निदान समोरचा माणूस दिसतो आणि शेजाऱ्याने काय दिले ते विचारता येते. ॲपवर आपल्याला कोणता भाव लागला आणि का, हेच ग्राहकाला कळत नाही, आणि तक्रार करताना नेमके तेच सिद्ध करावे लागते.