मुंबई ते लंडन : घड्याळात साडेचार, विमानात दहा तास

आमच्या शेजारच्या मावशींचा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून लंडनला शिकायला निघाला. आदल्या रात्री मावशींनी तिकीट आमच्या हाती दिले. "भाऊ, दुपारी एकला सुटणार, संध्याकाळी साडेपाचला पोचणार. म्हणजे साडेचारच तास ना? ह्यांचं काही बरंवाईट झालं, तर पोरगं वेळेवर येईल ना?"

मावशींचे यजमान वर्षभर अंथरुणाला खिळलेले. प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नव्हता. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

तिकिटावरची वेळ ज्या त्या गावची असते. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास असते. विमान एकला सुटले आणि दहा तास उडाले, तर आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजतात; तिथे मात्र साडेपाचच. परतताना उलटे होते. रात्री दहाला लंडन सोडले, तर नऊ तासांनी मुंबईत दुपारचे साडेबारा वाजलेले असतात.

मुंबई आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. म्हणजे हिशेबाने आठ तास. पण उंचावरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून येण्याला साधारण तासभर कमी लागतो. पृथ्वी फिरते म्हणून असे होते, ही समजूत चुकीची आहे. पृथ्वीबरोबर हवाही फिरत असते. शिवाय वाट नेहमी सरळ नसते. युद्ध पेटले किंवा एखाद्या देशाने आपले आकाश बंद केले की वळसा पडतो.

स्वस्त तिकीट बहुधा विमान बदलून असते. दुबईमार्गे अंतर जेमतेम दोन-तीनशे किलोमीटरने वाढते, पण तिथे ताटकळण्यात तीन-चार तास सहज जातात.

आता मावशींचा खरा हिशेब. खोलीवरून विमानतळ एक तास, तिथे तीन तास आधी हजेरी, उड्डाण नऊ तास, पासपोर्टची तपासणी व सामान दीड तास, पुढे कल्याणपर्यंत दीड तास. एकूण सोळा तास. दुबईमार्गे वीस. तेही लगेच जागा मिळाली तर. ऐनवेळचे तिकीट महागही पडते.

ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांना आमचे सांगणे एवढेच : परतीच्या एका तिकिटाचे पैसे बाजूला ठेवा, मुलाला पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद हाताशी ठेवायला सांगा, आणि दुखणे वाढले की लपवू नका, त्याच दिवशी कळवा. "पोराच्या परीक्षेत कशाला विघ्न" म्हणत गेलेले दोन दिवस कोणतेही विमान भरून देत नाही.

मावशींनी कागद घडी करून पदराला बांधला. म्हणाल्या, "म्हणजे एक दिवस धरायचा. तेवढं थांबू."