पेल्यातलं नाव

बँकेत उभी हयात मी सह्या तपासल्या. आपलं नाव दुसऱ्याच्या हाती देणं किती जोखमीचं, हे तिथं शिकलो. म्हणून फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या फेलिक्स कीर यांची मला गंमत वाटते.

गृहस्थ कॅथलिक धर्मगुरू. १९४० मध्ये जर्मनांच्या छावणीतून अनेक युद्धकैदी निसटले, ते यांच्या मदतीने. १९४४ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातून वाचले. १९४५ पासून १९६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते महापौर होते. पाहुणा आला की ते पांढऱ्या वाइनमध्ये कॅसिस, म्हणजे करवंदासारख्या काळ्या फळांचं गोड मद्य, घालून पुढे करत. पेय जुनंच, नाव 'ब्लां-कॅसिस'. यजमानामुळे ते 'कीर' झालं.

१९५१ मध्ये त्यांनी एका कॅसिस उत्पादकाला आपलं नाव वापरायची लेखी परवानगी दिली. पुढे इतरांनी मागितली, त्यांनाही दिली! भांडण कोर्टात गेलं. १९९२ मध्ये निकाल पहिल्याच्या बाजूने लागला, तेव्हा कीर यांना जाऊन चोवीस वर्षं झाली होती.

कैद्यांना सोडवणारा माणूस विस्मरणात गेला, पाहुणचार तेवढा जगभर पोचला. नाव कशासाठी उरावं, हे नाव असणाऱ्याच्या हाती नसतं, हेच खरं.