पॉइंट झिरो वन

फेब्रुवारी लागला की टेंभुर्णी परिसरात ज्या थोड्या द्राक्षबागा एक्सपोर्टसाठी धरलेल्या असतात, तिथे भावाच्याही आधी एक प्रश्न विचारला जातो : सॅम्पल पास झालं का? घड तयार आहेत, मण्यांत गोडी उतरली आहे, व्यापारी बाग बघून गेला आहे. तरी कात्री लागत नाही, कारण प्रयोगशाळेचा कागद यायचा आहे. त्या कागदावर औषधांची लांबलचक यादी असते आणि अनेक नावांपुढे एकच मर्यादा छापलेली असते, 0.01. बागायतदारांच्या तोंडी ती ‘पॉइंट झिरो वन’.

हा नमुना बागायतदाराने स्वतः तोडून पाठवायचा नसतो. प्रयोगशाळेचा माणूस बागेत येतो. मालक साहजिकच त्याला बांधाकडचे डौलदार घड दाखवतो. तो ऐकून घेतो आणि वाकून मांडवाखाली शिरतो. एका ओळीतून दुसरीत, नागमोडी चालत एक घड उन्हातला घेतो, एक पानांच्या गर्दीतला, एक अगदी बुंध्याजवळचा. ब्लोअरची फवारणी सगळीकडे सारखी बसत नाही, हे त्याला मालकाइतकंच ठाऊक असतं. पिशवीवर प्लॉटचा नोंदणी क्रमांक, सील, आणि शेवटी बागायतदाराची सही. सही करताना पेन अंमळ थबकतं. ऑक्टोबरच्या छाटणीपासून डाऊनी आणि भुरी या रोगांशी झगडत काढलेला सगळा हंगाम त्या पिशवीत बंद झालेला असतो. काढणीच्या किती दिवस आधी औषध थांबवलं, याचा हिशेब मालक मनात पुन्हापुन्हा करत राहतो.

टेंभुर्णीवरून पुण्याकडे निघालेला महामार्ग पुणं यायच्या तोंडाशी मांजरीला ज्या संस्थेजवळून जातो, तिथे या सगळ्या तपासणीची पद्धत ठरली. ही संस्था म्हणजे 1997 मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. निर्यातीचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळा तपासतात. त्या नीट तपासतात की नाही, हे पाहणारी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा या केंद्रात आहे. डॉ. कौशिक बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथिल अॅसिटेट वापरून द्राक्षांतल्या अनेक कीडनाशकांचा अंश एकाच वेळी शोधण्याची जी पद्धत पक्की केली, ती 2007 मध्ये प्रसिद्ध झाली.

अशा प्रयोगशाळेत पहिल्यांदा शिरणाऱ्याला वाटतं, औषधांचा उग्र दर्प येईल. येतो तो गोडसर वास, जास्त पिकलेल्या फळासारखा. तो इथिल अॅसिटेटचा. हेच रसायन पिकत्या फळात आणि वाइनमध्ये निसर्गतःही थोडं तयार होतं, म्हणून नाक फसतं. औषधांचा शोध चालू असलेल्या खोलीत फळाचाच वास दरवळावा, हे विसरता येत नाही.

देठ काढतात, द्राक्षं मात्र धुवत नाहीत. घरी आपण धुऊन खातो, मग इथे का नाही, असं पुष्कळ जण विचारतात. मर्यादाच मुळी न धुतलेल्या फळासाठी ठरवलेली आहे. डाळिंब आणि केळीचं तर साल खाल्लंच जात नाही, तरी ती सालीसकट तपासली जातात. द्राक्षांचा लगदा होतो, त्यातला दहा ग्रॅम नळीत जातो. वर दहा मिलिलिटर इथिल अॅसिटेट, आणि पाणी शोषून घ्यायला सोडियम सल्फेट. नळी गरगर फिरते, साका खाली बसतो, वरचा द्रव शुद्ध करून यंत्रात सोडला जातो. यंत्र त्यातले पदार्थ वेगळे करतं आणि संशयित रेणू फोडून त्याचे तुकडे मोजतं. एकाच तुकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, दुसराही सापडला पाहिजे आणि दोघांचं प्रमाण ठरल्याप्रमाणे जुळलं पाहिजे, तेव्हाच औषधाचं नाव कागदावर येतं. या खोलीतली ही सगळ्यांत आश्वासक गोष्ट, कारण चुकीचं नाव आलं तर बाग चुकीने नापास होईल.

आता तो पॉइंट झिरो वन. किलोला 0.01 मिलिग्रॅम म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. एका कंटेनरमध्ये तेरा टनांच्या आसपास माल बसतो, असं धरलं तर साडेसात-आठ कंटेनरमध्ये मिळून चिमूटभर औषध. एक गोष्ट मात्र बागेत कुणी सांगत नाही, ती सांगितली पाहिजे. 0.01 ही विषाची रेघ नाही. ज्या औषधाची त्या पिकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोप सरसकट हा आकडा लावतो. यंत्रांना खात्रीने मोजता येईल असा साधारण सर्वांत लहान आकडा, म्हणून तो निवडला. त्यामुळे नापास सॅम्पल म्हणजे विषारी द्राक्ष, असं म्हणणं बागायतदारावर अन्याय करणारं आहे.

तपासणीचं हे शहाणपण ठेच लागून आलं. 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि अॅसिफेटचे अंश सापडले आणि माल नाकारला गेला. त्यानंतर शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने निर्यातीच्या द्राक्षांसाठी अंश-देखरेखीची योजना आणली, पुढे 2006 मध्ये ग्रेपनेट ही नोंदणीची प्रणाली आली आणि प्रत्येक पेटीवरून थेट प्लॉट शोधता येऊ लागला. तरी 2010 साली मोठा तडाखा बसला. या वेळी सापडलं क्लोरमेक्वॅट क्लोराइड, बागायतदारांचं लिहोसिन. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडावाढ रोखायला ते वर्षानुवर्षं फवारलं जात होतं. ते कीडनाशकही नाही, वाढरोधक आहे, आणि तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. वेलीने मात्र ते धरून ठेवलं होतं. पुढच्या फेब्रुवारी-मार्चच्या घडांत ते युरोपच्या किलोला 0.05 मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. शेकडो कंटेनर अडकले, अनेक बागायतदार कर्जात गेले. ज्यांनी यादीप्रमाणे सगळं पाळलं होतं, त्यांनाही फटका बसला.

पण सगळ्यांत टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. नापास प्लॉटचा माल युरोपला जात नाही. तो फेकलाही जात नाही. त्याच्यासाठी देशातली बाजारपेठ उघडी असते. आपल्या कायद्यातही मर्यादा आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमात, फळासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तर लागू होणारा आकडा तोच आहे, 0.01. म्हणजे वेगळी मर्यादा नसलेल्या औषधांपुरता रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाला आणि टेंभुर्णीच्या बाजारात पावशेर द्राक्षं घेणाऱ्या बाईला कागदावर एकच आकडा लागू होतो. तिच्यासाठी मांडवाखाली वाकून घड निवडणारं मात्र कुणी येत नाही. केंद्र सरकारची देखरेख योजना 2005–06 पासून बाजारांतले नमुने तपासते, ते काम मोलाचं आहे. पण ती पाहणी आहे, अडवणूक नव्हे. निकाल हाती येईपर्यंत तो माल खाल्लाही गेलेला असतो.

एक्सपोर्टच्या बागेत फवारणीची नोंदवही ठेवावीच लागते. औषधाचं नाव, मात्रा, तारीख, काढणीपर्यंत उरलेले दिवस, सगळं त्यात असतं. सोलापूरच्या बाजार समितीत क्रेट उतरवताना हीच वही मागितली आणि हंगामात दर आठवड्याला काही क्रेटमधले घड प्रयोगशाळेत धाडले, तरी गावच्या गिऱ्हाइकाला आज मिळत नाही तेवढं संरक्षण मिळेल, आणि काटेकोर फवारणी करणाऱ्याला इथेही दोन रुपये जास्त मागता येतील. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि नव्या वहीचं पहिलं पान लिहिलं जातं. गावच्या गिऱ्हाइकाच्या वतीने ती उघडून बघायला मात्र कुणी येत नाही.