जुन्या अवजड यंत्रांवरील बंद पडलेले ग्रीस निपल : कारणे, निदान आणि उपाय

प्रस्तावना :

मराठीतील 'वंगण' हा शब्द आधुनिक यंत्रांच्या आगमनापूर्वीपासून प्रचारात आहे. बैलगाडीच्या आखाला वंगण मिळाले नाही तर चाक कुरकुरते, आख झिजतो आणि बैलांचे श्रम वाढतात, हे ज्ञान ग्रामीण समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. आज नाला खोलीकरण, रस्तेबांधणी, खाणकाम अशा कामांवर बॅकहो लोडर (ज्याला महाराष्ट्रात सरसकट 'जेसीबी' म्हटले जाते), एक्सकॅव्हेटर आणि डोझर ही यंत्रे राबतात. साधने बदलली, तरी घासणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये वंगणाचा थर टिकविण्याचे तत्त्व तेच आहे.

फरक आहे तो वंगण पोहोचविण्याच्या रीतीत. गाडीवान चाक उतरवून आखाला हाताने वंगण लावू शकत असे. एक्सकॅव्हेटरच्या बकेटची जाड पोलादी पिन रोज काढून वंगण लावणे अशक्य असते. म्हणून सांधा न उघडता बाहेरून दाबाने ग्रीस आत पाठविण्यासाठी त्यावर एक लहानसा निपल बसविलेला असतो. हा निपल बंद पडला, म्हणजेच कार्यशाळेच्या भाषेत 'चोक' झाला, की सांध्याचे पोषण थांबते. प्रस्तुत लेखात या दोषाची कारणे, त्याच्या निदानाचा क्रम, उपाययोजना आणि त्यातील धोके यांचे विवेचन केले आहे.

ग्रीस निपलची रचना :

आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या निपलचा संबंध ऑस्कर झर्क या संशोधकाच्या नावाशी जोडला जातो. त्यांना १९२९ साली अमेरिकेत या रचनेचे पेटंट मिळाले आणि तेथे हा भाग आजही 'झर्क' या नावाने ओळखला जातो. निपलच्या गोलसर डोक्यावर बारीक छिद्र असते. त्या छिद्राच्या आत एक पोलादी गोळी असून खालील स्प्रिंग तिला वर दाबून धरते. ग्रीस गनचे तोंड डोक्यावर पकड घेते, दाबाने गोळी खाली सरकते आणि ग्रीस आत शिरते. दाब थांबताच गोळी पुन्हा छिद्र बंद करते. अशा रीतीने आत आलेले ग्रीस बाहेर पडत नाही आणि बाहेरची धूळ आत जात नाही.

हाताच्या ग्रीस गनमधून निर्माण होणारा दाब अनेकांच्या कल्पनेपेक्षा मोठा असतो. उदाहरणादाखल, दांड्यावर २०० न्यूटन बळ लावले आणि तरफेचा लाभ १५ पट धरला, तर दट्ट्यावर ३००० न्यूटन बळ येते. दट्ट्याचा व्यास ८ मिलिमीटर असल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिलिमीटर भरते. यावरून दाब दर चौरस मिलिमीटरला ६० न्यूटन, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६०० किलोग्रॅम येतो. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या तो जवळजवळ ३०० पट होय. घर्षण व गळती यांमुळे प्रत्यक्षातील आकडा कमी असला, तरी त्याची तीव्रता ध्यानात ठेवणे पुढील विवेचनासाठी आवश्यक आहे.

अवरोधाची कारणे :

ग्रीस म्हणजे केवळ घट्ट तेल नव्हे. लिथियम, कॅल्शियम यांसारख्या धातूंच्या साबणाचे सूक्ष्म तंतू स्पंजाप्रमाणे तेल धरून ठेवतात. वंगणाचे मुख्य कार्य हे तेल करते. साबण त्याला जागेवर थोपवून धरतो. यंत्र दीर्घकाळ उभे राहिले की तेल हळूहळू झिरपून जाते, उरलेल्याचे ऑक्सिडीकरण होते आणि मार्गात साबणाचा कोरडा, मेणासारखा गठ्ठा उरतो. जुन्या यंत्रांमधील अवरोधाचे हे एक प्रमुख कारण आहे.

दुसरे कारण धूळ व चिखल. निपलचे डोके न पुसता गन लावली की डोक्यावरील मातीच दाबाने आत ढकलली जाते. अशी माती ग्रीसमध्ये मिसळली की वंगणाऐवजी घासकामाचा लेप तयार होतो. तिसरे कारण पाणी. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या यंत्रात पाणी शिरून गोळी, स्प्रिंग आणि पिन गंजतात. चौथे कारण परस्परविसंगत ग्रीसचे मिश्रण. उदाहरणार्थ, लिथियम साबणाच्या ग्रीसमध्ये बेंटोनाइट मातीवर आधारित ग्रीस मिसळल्यास मिश्रणाची घडण बिघडते व ते पातळ होऊन वाहून जाऊ शकते. काही मिश्रणे उलट घट्ट होतात. यंत्र हातोहात विकले जाताना आधी कोणते ग्रीस वापरले होते, ही माहिती सहसा सोबत येत नाही. याखेरीज निपलवर रंगाचा थर बसणे, किंवा बुश आपल्या घरात फिरून त्याचे छिद्र मूळ मार्गाशी न जुळणे, हीही कारणे संभवतात.

निदानाचा क्रम :

ग्रीस जात नाही असे दिसताच अधिक जोर लावण्याकडे स्वाभाविक कल असतो. मात्र अडथळा कोठे आहे हे ठरविण्यापूर्वी लावलेले बळ बहुधा वाया जाते आणि कधी कधी हानीही करते. निदान बाहेरून आत, चार टप्प्यांत करावे.

१) गन : गनमध्ये हवा अडकलेली असू शकते किंवा तिच्या तोंडाची पकड झिजलेली असू शकते. चांगल्या निपलवर गन चालवून पाहावी. तेथेही ग्रीस बाजूने गळत असेल तर दोष गनचा आहे.

२) निपल : डोके स्वच्छ पुसून बारीक पिनेने गोळी दाबून पाहावी. ती हलत नसेल किंवा दबून वर येत नसेल तर निपल निकामी समजावा. खात्रीसाठी तो पान्याने काढून हातातच न धरता शिकंज्यात पकडावा व त्यावर गन लावावी.

३) मार्ग : निपल मोकळा असूनही सांध्यात ग्रीस जात नसेल, तर अडथळा पुढील छिद्रात आहे.

४) सांधा : मार्ग मोकळा असतानाही ग्रीस जात नसेल, तर पिन व बुश यांमधील जागा घट्ट झाली आहे अथवा बुश फिरला आहे.

उपाययोजना :

कोणत्याही उपायापूर्वी बकेट व बूम जमिनीवर टेकवावेत, इंजिन बंद करून चावी काढावी आणि हायड्रॉलिक दाब सोडावा. केवळ हायड्रॉलिकच्या आधारावर उचललेल्या भागाखाली कोणीही जाऊ नये.

निकामी निपल स्वच्छ करीत बसण्यापेक्षा बदलणे श्रेयस्कर. त्याची किंमत पिन-बुशच्या तुलनेत नगण्य असते. मात्र नव्याचे आटे जुन्याशी जुळणे आवश्यक आहे. मिलिमीटर व इंच मापांचे आटे दिसायला सारखे असतात. चुकीचा निपल जोराने बसविल्यास मूळ छिद्राचे आटे नष्ट होतात.

मार्ग बंद असल्यास प्रथम तारेने किंवा हाताने फिरविलेल्या बारीक ड्रिलने जितका गठ्ठा खरवडून बाहेर काढता येईल तितका काढावा. यामागील कारण गणिताने स्पष्ट होते. गठ्ठ्याला मागून ढकलणारे बळ छिद्राच्या छेदावर कार्य करते, तर त्याला धरून ठेवणारी पकड छिद्राच्या संपूर्ण भिंतीवर असते. म्हणून लागणारा दाब हा गठ्ठ्याच्या लांबीच्या सम प्रमाणात व छिद्राच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ३ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रात ६० मिलिमीटर लांबीचा गठ्ठा असेल, तर भिंतीच्या दर एकक क्षेत्रावरील पकडीच्या ८० पट दाब लागतो. निम्मा गठ्ठा काढल्यास तो ४० पटींवर येतो. गनने जे होत नाही ते तारेने दहा मिनिटे खरवडल्यावर का होते, याचे उत्तर येथे मिळते.

त्यानंतर छिद्रात डिझेल किंवा गंज सैल करणारे पातळ तेल भरून रात्रभर मुरू द्यावे. त्याने उरलेला साबण पुन्हा मऊ होतो. याही पुढे गरज पडल्यास निपलवर बसणारे, तेल भरलेले दट्ट्याचे साधन वापरतात. त्यावर हातोडीचा ठोका दिला की पास्कलच्या नियमानुसार तो दाब बंदिस्त तेलातून गठ्ठ्यापर्यंत पोहोचतो. सलग दाबाला न जुमानणारा गठ्ठा अशा क्षणिक धक्क्यांनी सुटतो. हे साधन वापरताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा अनिवार्य आहे.

सांधा घट्ट असल्यास त्यावरील भाराची दिशा बदलणे उपयुक्त ठरते. भारामुळे पिन बुशच्या एका बाजूला दाबलेली असते व तेथे ग्रीसला जागा मिळत नाही. सर्वांना दूर उभे करून चालकाने बकेटची स्थिती बदलावी, पुन्हा इंजिन बंद करावे आणि मग गन चालवावी. बुशच फिरला असेल, तर दाबाचा कोणताही प्रयोग व्यर्थ होय. पिन काढणे हाच मार्ग उरतो.

ज्योतीने तापविण्याचा उपाय कार्यशाळांत प्रचलित असला तरी सदोष आहे. लिथियम साबणाचे ग्रीस साधारण १८० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, तर सांध्यातील सामान्य रबरी सील १०० अंशांच्या आसपासच तग धरते. म्हणजे गठ्ठा वितळण्याआधी सील नष्ट होते. डिझेल मुरविलेल्या भागाजवळ ज्योत नेणे तर उघड आगीला निमंत्रण आहे.

दोन गंभीर धोके :

पहिला धोका त्वचेखाली ग्रीस शिरण्याचा. बंद निपलवर गन दाबताना झिजलेल्या तोंडातून किंवा फाटक्या नळीतून ग्रीसची बारीक धार सुटू शकते. वर नमूद केलेल्या दाबाला ती बोटात शिरते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आरंभी वेदनाही अल्प असतात. त्यामुळे कामगार हात पुसून काम चालू ठेवतो. प्रत्यक्षात आत पसरलेले ग्रीस ऊतींचा नाश करते आणि काही तासांच्या विलंबाने बोट गमवावे लागू शकते. अशी जखम कितीही क्षुल्लक दिसली तरी रुग्णास तत्काळ शल्यचिकित्सकाकडे न्यावे आणि दाबाने ग्रीस शिरल्याचे स्पष्ट सांगावे.

दुसरा धोका साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रांचा. त्यांच्या पट्ट्याचा ताण राखणाऱ्या सिलिंडरवरही ग्रीसचा निपल असतो. दिसायला तो इतरांसारखाच असला तरी त्यामागील ग्रीस प्रचंड दाबाखाली कोंडलेले असते. तो 'चोक' समजून काढला गेल्यास बंदुकीच्या गोळीसारखा सुटून प्राणघातक ठरू शकतो. त्याची झडप उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेतच, समोर उभे न राहता, सावकाश सैल करावी. या सिलिंडरला कधीही उष्णता देऊ नये.

प्रतिबंध :

मार्ग मोकळा झाल्यावर आतील काळे, गंजमिश्रित ग्रीस संपून सांध्याच्या कडेने ताजे ग्रीस दिसेपर्यंत गन चालवावी. मात्र सीलबंद बेअरिंगला हा नियम लागू नाही; तेथे अतिरिक्त दाबाने सील फाटते. गन लावण्यापूर्वी व नंतर निपल पुसणे, डोक्यावर ग्रीसचा छोटा थर किंवा प्लॅस्टिकची टोपी ठेवणे, एकाच प्रकारचे ग्रीस वापरून त्याची नोंद यंत्राच्या वहीत करणे आणि उभ्या यंत्रालाही ठरावीक काळाने हलवून ग्रीस देणे, एवढ्या सवयी पुरेशा आहेत.

निष्कर्ष :

घर्षण, झीज व वंगण यांच्या अभ्यासाला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव १९६६ साली ब्रिटनमधील पीटर जोस्ट यांच्या अहवालाने रूढ केले. वंगणशास्त्राच्या योग्य वापराने त्या देशाच्या उद्योगांची वर्षाला सुमारे ५१.५ कोटी पौंडांची बचत होऊ शकते, असा त्या अहवालाचा अंदाज होता. बंद पडलेला निपल हे त्याच प्रश्नाचे अगदी लहान रूप आहे. अवरोध हा स्वतः रोग नसून दुर्लक्ष, विसंगत ग्रीस किंवा बिघडलेला सांधा यांचे ते लक्षण असते. म्हणूनच आधी स्थाननिश्चिती, मग खरवडणे व मुरविणे आणि शेवटी दाब, हा क्रम शास्त्रीय ठरतो. हे ज्ञान आज बहुतांशी कारागिरांच्या हातांत आहे आणि तोंडी चालते. त्यातील धोक्यांची जाणीव मात्र तितक्याच प्रमाणात पोहोचलेली नाही. आयटीआय, तंत्रनिकेतने व महाविद्यालयांतील अध्यापकांनी प्रात्यक्षिकांत या विषयाला स्थान दिल्यास दाब, तरफ आणि द्रव्याचे गुणधर्म हे पाठ्यपुस्तकातील विषय विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष यंत्रावर पाहता येतील आणि अनेकांची बोटेही वाचतील.