टीपॉयवरचे चार रिमोट

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रिमोट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बऱ्याचदा टीव्हीच्या मापापासून सुरुवात करतं. "बत्तीस इंची आहे, त्याचा रिमोट द्या." मुरलेला दुकानदार इंचांकडे लक्षच देत नाही. त्याचा प्रश्न ठरलेला असतो: "जुना आणलाय का?" जुना रिमोट हातात आला की तो आधी बटणांची मांडणी न्याहाळतो, सेलचं झाकण काढून आत काही नंबर आहे का ते बघतो, आणि कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी वाचतो. गिऱ्हाइकाला हा क्रम उलटा वाटतो, पण बरोबर तोच आहे.

कंपनी एक म्हणजे रिमोट एक, हा या बाजारातला सगळ्यात जुना गैरसमज. साध्या रिमोटच्या टोकाला एक छोटा एलईडी असतो. तो साधारण ९४० नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड उजेड टाकतो. माणसाच्या डोळ्यांना तो दिसत नाही. हा उजेड सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि टीव्हीतला रिसीव्हर साधारण त्याच वेगाची लुकलुक ओळखतो. म्हणून तर खिडकीतून आलेल्या उन्हाने चॅनेल बदलत नाहीत. बऱ्याच टीव्हींमध्ये चालणाऱ्या एनईसी नावाच्या पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा लांब ठोका पडतो, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता, आणि त्यामागून ३२ बिटांचा निरोप. निरोप कुणासाठी आहे तो पत्ता त्यात असतो, काय करायचं तो हुकूम असतो, आणि ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून हुकमाची उलटी प्रतही असते. सोनीची पद्धत निराळी, ती ४० किलोहर्ट्झवर चालते. फिलिप्सची आरसी-५ चालते ३६ वर.

आता एकाच कंपनीने दोन मॉडेलांत वेगवेगळे पत्ते वापरले, तर नाव तेच असूनही टीव्ही ढिम्म हलत नाही. याच्या उलटही घडतं. वेगवेगळ्या नावांच्या स्वस्त टीव्हींमध्ये आतला सर्किट बोर्ड एकाच घराण्यातला असला, की परक्या कंपनीचा रिमोट मुकाट चालतो. बटणांची मांडणी बोर्डाचा माग देते. दुकानदाराची नजर तिथे जाते ती यासाठी.

दुकानात आणखी एक प्रयोग हमखास होतो. मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरायचं आणि बटण दाबायचं. पडद्यावर जांभळट ठिपका चमकला की रिमोट चांगला. हे अर्धंच खरं. एलईडी पेटतो एवढंच त्यातून कळतं. तो बोलतोय ती भाषा घरच्या टीव्हीला येते का, हे कॅमेरा सांगू शकत नाही. शिवाय काही फोनांच्या मागच्या कॅमेऱ्यावर अवरक्त उजेड अडवणारी गाळणी असते. म्हणून सेल्फीच्या कॅमेऱ्यावरही पाहावं.

खरा घोळ मात्र 'युनिव्हर्सल' या शब्दाने घातला आहे. घरात टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार आणि टीव्हीच्या मागे खोचलेली एखादी स्टिक, असे चार रिमोट टीपॉयवर जमले की कुणीतरी युनिव्हर्सल रिमोट घेऊन येतं. बाजारात मिळणारे असे बहुतेक स्वस्त रिमोट फक्त इन्फ्रारेड बोलतात. अॅमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकला तर इन्फ्रारेडचे कानच नाहीत. ती ब्लूटूथवर ऐकते, आणि त्यासाठी रिमोटची तिच्याशी आधी जोडणी, म्हणजे पेअरिंग, व्हावी लागते. तीनशे बटणांचा रिमोट आणला तरी त्या स्टिकपुढे तो मुकाच.

त्यातही गंमत अशी, की स्टिकचा स्वतःचा रिमोट दोन भाषा बोलतो. मेनू वर-खाली करायचा तर ब्लूटूथ. टीव्ही बंद करायचा किंवा आवाज वाढवायचा तर साधारणपणे इन्फ्रारेड. म्हणून पांघरुणात हात ठेवून मालिका निवडता येते, आवाज मात्र वाढत नाही. "याची निम्मी बटणं गेलीत" असं म्हणून असे धडधाकट रिमोट अडगळीत टाकले जातात. इथे मात्र सेल्फी कॅमेरा उपयोगी पडतो: आवाजाच्या बटणावर ठिपका दिसेल, बाणांच्या बटणावर दिसणार नाही, आणि दोन्ही वेळा रिमोट ठीकच असेल. बोलून शोधायची सोयही ब्लूटूथवालीच. हुबेहूब दिसणाऱ्या काही स्वस्त नकलांवर माइकचं चित्र छापलेलं असतं, आत माइक नसतो.

मग चार रिमोटांचा एक कसा करायचा? पुष्कळ घरांत त्याचं उत्तर आधीच आलेलं असतं, फक्त ते मेनूत झोपलेलं असतं. एचडीएमआय केबलमध्ये सीईसी नावाची एक तार असते. तिच्यावरून उपकरणं एकमेकांना निरोप देतात. ही सोय सॅमसंगच्या टीव्हीत 'एनीनेट प्लस', एलजीत 'सिंपलिंक', सोनीत 'ब्राव्हिया सिंक' अशा नावांनी लपलेली असते, त्यामुळे ती एकच गोष्ट आहे हेही लक्षात येत नाही. ती चालू केली आणि साउंडबारची केबल टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या खाचेत लावली, की टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो. शेजारच्या खाचेत लावली तर केबलमधून टीव्हीचा आवाज साउंडबारपर्यंत पोचत नाही. सेट-टॉप बॉक्स मात्र बऱ्याचदा सीईसीला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी बॉक्सच्याच रिमोटवरची, टीव्हीच्या रिमोटकडून शिकणारी मोजकी बटणं बरी: दोन रिमोट समोरासमोर धरायचे आणि पॉवर, आवाज शिकवून टाकायचे.

एका बटणात सगळं चालू, एका बटणात सगळं बंद, ही हौसही जुनी. अॅपलच्या स्टीव्ह वॉझ्निआकने पुढे स्वतःची वेगळी कंपनी काढून १९८७ मध्ये 'कोअर' नावाचा, इतर रिमोटांकडून शिकणारा रिमोट आणला होता. अडचण असते ती पॉवरच्या बटणात. बहुतेक उपकरणांत चालू आणि बंद यांचा हुकूम एकच असतो, स्थिती फक्त उलटते. टीव्ही कुणी हाताने आधीच बंद केला असेल, तर 'सगळं बंद' दाबल्यावर साउंडबार बंद होतो आणि टीव्ही उठून बसतो. लॉजिटेकच्या हार्मनी रिमोटवर यासाठी मदतीचं खास बटण होतं. ते दाबलं की रिमोटच विचारायचा, अमुक चालू झालं का? लॉजिटेकने २०२१ मध्ये हार्मनीचं उत्पादन थांबवलं.

"फोन असताना रिमोट कशाला?" असंही एक मत असतं. शाओमीच्या बऱ्याच फोनांत इन्फ्रारेड एलईडी असतो, त्यांना इंटरनेटही लागत नाही. आयफोनमध्ये तो नाही. तिथे वाय-फायवरचं अॅप. या अॅपची खरी परीक्षा राउटरचा पासवर्ड बदलल्यावर होते. टीव्ही नेटवर्कवरून सुटतो, अॅपला टीव्ही सापडत नाही, आणि नवा पासवर्ड टीव्हीत टाकायला रिमोट हवा. अशा वेळी अनेक अँड्रॉइड टीव्हींना संगणकाचा साधा यूएसबी माउस जोडला तरी काम भागतं.

हात लांब करून टीव्हीवर नेम धरायची सवय कुठून आली असेल? १९५५ मध्ये अमेरिकेत झेनिथ कंपनीने 'फ्लॅशमॅटिक' काढला, तो पिस्तुलाच्या आकाराचा होता आणि उजेडाचा झोत टीव्हीच्या चार कोपऱ्यांतल्या डोळ्यांवर खरोखर नेम धरून मारावा लागे. ऊन पडलं की टीव्ही आपल्या मनाने चालायचा. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या 'स्पेस कमांड'ने ध्वनिलहरी वापरल्या: आतल्या अॅल्युमिनियमच्या कांड्यांवर हातोडी पडायची आणि त्याला सेलच लागत नसे. आजचा इन्फ्रारेड भिंतीवरून, छतावरून उलटून येतो. त्याला कपाटाचं लाकडी दार अडवतं, काच नाही.

रिमोट आपटल्यावर चालू होतो, यात चमत्कार नाही. सेलच्या स्प्रिंगवर चढलेला गंज किंचित घासला जातो, एवढंच. ठरावीक एकदोन बटणंच रुसत असतील तर दोष रबरी पॅडखालच्या झिजलेल्या कार्बनचा असतो, आणि त्याला नवे सेल घालून काही होत नाही. राहिलं ते रिमोटवरचं प्लास्टिक. नव्या रिमोटला घट्ट पारदर्शक पिशवी चढवणं ही घराघरातली रीत. तिच्याने रिमोटचा पल्ला कमी होतो अशी तक्रार ऐकू येते, पण पारदर्शक प्लास्टिकमधून इन्फ्रारेड आरपार जातो. अडतो तो टोकावर दुमडून आलेल्या जाड रेक्झिनच्या कव्हरात. तेव्हा कव्हर घ्यायचंच तर पुढची बाजू उघडी असलेलं घ्यावं.