उत्कलीयांची पंजी

पंचांग ही आकाशाची रोजकीर्द होय. कीर्दींत चूक पडली, तर ती आकाशाकडे पाहूनच दुरुस्त केली पाहिजे. उत्कल देशाच्या, म्हणजे ओडिशाच्या, पंचांगाचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. तिकडे पंचांगास 'पंजी' म्हणतात.

आपलें वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेस, म्हणजे चांद्रमानानें, लागतें. उत्कलांत तें सूर्य मेष राशीस येतो त्या दिवशीं, एप्रिलच्या मध्यास, सुरू होतें. या दिवसास 'पणा संक्रांति' असें नांव आहे. 'पणा' हा शब्द आपल्या पन्ह्याचा सहोदर. दोहोंचें मूळ संस्कृत 'पानक'. या सुमारास तुळशीवर सच्छिद्र मडकें टांगून तिला थेंब थेंब पाणी देतात. पुढें मिथुनसंक्रांतीस, जूनच्या मध्यास, 'रज' नांवाचा तीन दिवसांचा उत्सव येतो. त्या दिवसांत पृथ्वी रजस्वला मानून नांगर बंद ठेवितात आणि मुली झोपाळ्यांवर खेळतात. पाऊस सूर्याच्या गतीस अनुसरून येतो. तेव्हां शेतकऱ्याचा सण सौरमानानें असावा हें योग्यच.

जगन्नाथाचे उत्सव मात्र तिथीवर चालतात. रथयात्रा आषाढ शुद्ध द्वितीयेस निघते. अधिक आषाढाच्या वर्षीं देवाच्या काष्ठमूर्ति नव्या घडवितात. हा 'नवकलेवर' विधि १९९६ व २०१५ सालीं झाला. अर्थात् गणित चुकलें कीं देवाचा विधीहि चुकला.

ही चूक खंडपडा येथील राजघराण्यांत १८३५ सालीं जन्मलेल्या सामंत चंद्रशेखर यांच्या ध्यानांत आली. संस्कृत सिद्धान्तग्रंथांचें अध्ययन करितां करितां त्यांस दिसलें कीं, ग्रंथांतील ग्रह एके ठिकाणीं व आकाशांतील दुसऱ्याच ठिकाणीं! इंग्रजी विद्या नाहीं, दुर्बीण नाहीं. बांबूच्या व लांकडाच्या यंत्रांनीं त्यांनीं वर्षानुवर्षें वेध घेतले आणि 'सिद्धान्तदर्पण' हा ग्रंथ संस्कृत श्लोकांत रचिला. तो १८९९ सालीं कलकत्त्यास छापून निघाला. पुरीच्या मंदिरांतहि त्यांच्या गणितास मान मिळाला.

त्याच शतकांत आपल्याकडे केरोपंत छत्रे यांनीं पंचांगशोधनाचा पक्ष घेतला, तेव्हां पुष्कळांस तो रुचला नाहीं. जुनें गणित बदलल्यानें धर्म बुडेल अशी भीति ज्यांस वाटते, त्यांनीं चंद्रशेखरांकडे पाहावें. ते आचारनिष्ठ होते, जगन्नाथाचे भक्त होते. आणि विधि वेळेवर व्हावा म्हणूनच त्यांनीं गणित सुधारिलें.

सुज्ञ वाचकांनीं एखाद्या निरभ्र रात्रीं मुलांस अंगणांत न्यावें आणि चंद्र कोणत्या नक्षत्रापाशीं आहे तें घरच्या पंचांगाशीं ताडून दाखवावें.