घोरणारे पोर आणि टाळूतला स्क्रू

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे कारखान्याच्या काट्यासमोर रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि गाड्यांची रांग लागते. इकडे गव्हाणीचा खडखडाट चालू असतो आणि तिकडे रांगेतली माणसे अशी काही घोरत असतात की मिलचा आवाज फिका पडावा. नंबर आला की कोणीतरी येऊन हलवतो, तेव्हा कुठे ड्रायव्हर डोळे चोळीत उठतो. आम्ही इतकी वर्षे याला मेहनतीची झोप म्हणत आलो. घोरतो तो गाढ झोपतो, ही समजूत आपल्या खानदेशात घरोघर आहे. ती समजूत खोटी आहे हे आम्हाला कोणा पुस्तकाने शिकवले नाही. आमच्याच घरातल्या साडेसात वर्षांच्या नातवाने शिकवले. म्हणून ऊस, खोडवा, खतांचे हप्ते हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून या अंकात हा घरचा विषय सभासद बंधू-भगिनींपुढे मांडीत आहोत.

पोरगा तोंड उघडे टाकून झोपे. मान मागे, पाय भलतीकडे, रात्रभर अंथरुणावर फिरत राही. सकाळी उशी लाळेने ओली आणि घसा कोरडा. आठवड्यातून तीन-चार रात्री अंथरूणही ओले. शाळेतून गुरुजींची तक्रार येई, की दुपारी बाकावर डोके टेकतो, नाहीतर मग एका जागी बसतच नाही. दिवसासुद्धा तोंड उघडेच. त्याची आजी म्हणे, "तोंड मिट रे भो, माशी जाई तोंडमा." आम्ही सगळे हसत असू.

हसणे थांबवले ते सूनबाईने. एका रात्री ती त्याच्या उशाशी बसून राहिली. पोरगा घोरता घोरता एकदम गप्प होई. छाती हलताना दिसे, पण नाकातोंडातून वारा येत नसे. ती मनात आकडे मोजी. आठ-दहापर्यंत गेले की पोराला गचका बसे, तो कूस बदले आणि पुन्हा घोरणे सुरू. तिने मोबाइलवर त्याचे चित्रण करून ठेवले. पुढे दवाखान्यात दहा प्रश्नांनी जे कळले नसते ते त्या दोन मिनिटांच्या चित्रणाने डॉक्टरांना कळले.

या दुखण्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, मूळचाच अरुंद असलेला श्वासाचा मार्ग मिटतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागे करतो. असे रात्रीतून कितीतरी वेळा. सकाळी आठवत काहीच नाही, पण झोप मात्र झालेली नसते. मोठा माणूस मग दिवसा पेंगतो. लहान मूल पेंगतेच असे नाही, पुष्कळदा ते चिडचिडे आणि चळवळे होते, आणि आपण त्याला व्रात्य ठरवून मोकळे होतो.

मुलांमध्ये याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे वाढलेले टॉन्सिल आणि नाकाच्या मागच्या बाजूच्या ॲडेनॉइडच्या गाठी. म्हणून पहिली पायरी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची. आमच्या नातवाच्या गाठी फारशा वाढलेल्या निघाल्या नाहीत. डॉक्टरांनी बॅटरी तोंडात धरली आणि आम्हालाच म्हणाले, "आजोबा, वर बघा." वर टाळू होती, आणि ती कौलारू छपरासारखी उंच आणि निमुळती. डब्याचे झाकण डब्याच्या बाहेरून बसावे तशा वरच्या दाढा खालच्या दाढांच्या किंचित बाहेरून बसतात. याच्या उलट होत्या. झाकणच डब्याच्या आत पडलेले. त्यांनी चिठ्ठी दिली ती दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांच्या, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टच्या नावे. आम्हाला वाटले, श्वासाचे दुखणे घेऊन आलो आणि हे दातांकडे पाठवतात! घरी येईपर्यंत कुरकुर चालली होती.

पण त्यात मेख आहे, आणि ती एकदा समजली की सगळे समजते. इथे टाळू म्हणजे बाळाच्या डोक्यावर तेल जिरवतो ती नव्हे, तोंडाचे छत. माडीच्या घरात खालच्या खोलीचे छत तीच वरच्या खोलीची जमीन असते. तोंडाचे छत तीच नाकाची जमीन. छत अरुंद आणि उंच झाले की वरची नाकाची खोली आपोआप आखूड होते. आणि आपण पाण्याची माणसे. दोन इंची पाइपाऐवजी अडीच इंची टाकला तर मोटर तीच असूनही पाणी किती वाढते, हे तापीवरून पाइपलाइन आणणाऱ्या सभासदाला सांगायला नको. नाकातही तेच. बोगदा जरा रुंद झाला तरी वाऱ्याला होणारा अटकाव पुष्कळ कमी होतो.

आता हाड रुंद करायचे कसे? वरचा जबडा एकसंध नसतो. डावा आणि उजवा असे दोन भाग टाळूच्या मधोमध एका सांध्यात मिळालेले असतात. लहानपणी हा सांधा ओल्या चिखलासारखा असतो. वयात येता येता, मुलींत जरा लवकर, तो घट्ट होत जातो आणि पुढे पक्का जुळतो. तोवरच त्याला हळूहळू उघडता येते आणि मधल्या फटीत नवे हाड भरते. ऊस लहान आहे तोवर भरणी करायची, कांडी धरल्यावर करून उपयोग नाही, तसलाच हा हिशेब.

हे शास्त्र आजकालचे नाही. १८६० साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरी एमर्सन एंजल नावाच्या दंतवैद्याने चौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूत आडवा स्क्रू बसवला आणि चावी तिच्याच हाती देऊन रोज फिरवायला सांगितले. दोन आठवड्यांत तिच्या समोरच्या दोन दातांमध्ये फट पडली. त्यावरून एंजलने ताडले की दात नव्हे, जबड्याची हाडेच एकमेकांपासून सरकली. त्या काळी क्ष-किरण नव्हते, पुरावा दाखवणार कसा? ज्या मासिकात त्याने हे छापले त्याच्या संपादकालाच ते पटले नाही, आणि अमेरिकेत ही पद्धत जवळजवळ शंभर वर्षे मागे पडली. (संपादकांनी जपून लिहावे, हा आमच्यासाठी धडा.) १९६१ साली अँड्र्यू हास यांनी तिला पुन्हा उभे केले. त्यांच्या लेखाच्या मथळ्यातच दातांच्या कमानीबरोबर नाकाच्या पोकळीचाही उल्लेख होता. आपल्या रोग्यांना श्वास मोकळा वाटतो, हे त्यांनी तेव्हाच नोंदले होते.

टाळू अरुंद का होते, याला आनुवंशिकता हे एक कारण आहेच. पण तोंडाने श्वास घेण्याची सवय हेही कारण मानतात. तोंड मिटलेले असले की जीभ टाळूला टेकून राहते आणि आतून जबड्याला रुंदी देते. तोंड उघडे राहिले की जीभ खाली पडते आणि बाहेरून गाल दाबतात. त्याच सॅन फ्रान्सिस्कोत हारवोल्ड नावाच्या संशोधकाने १९७० नंतरच्या वर्षांत माकडांची नाके बंद करून पाहिले, तर वाढत्या माकडांचे जबडे आणि दात बदलत गेले. म्हणजे नाक चोंदले म्हणून जबडा आखडतो आणि जबडा आखडला म्हणून नाक आणखी चोंदते. आपल्या घरांतला चुलीचा धूर, उसाच्या फडातली धूळ, बगॅसचा भुगा हे नाकाचे शत्रू या चक्रात भर घालतात ते वेगळेच.

आमच्या पोराला दाढांभोवती कड्या आणि मधे स्क्रू असे यंत्र टाळूला पक्के बसवले. सुईसारखी एक चावी दिली. स्क्रूच्या पुढच्या भोकात ती घालायची आणि मागच्या बाजूला ढकलायची. एका फेऱ्याला पाव मिलिमीटर. सकाळी एक, संध्याकाळी एक. चावीला दोरा बांधून तो बोटात अडकवायचा, म्हणजे सुटली तरी पोराच्या घशात जाणार नाही. हे डॉक्टरांनी तीनदा बजावले. पहिले दोन-तीन दिवस त्याला लाळ आवरेना, बोलणे बोबडे झाले, दादरची भाकर वरणात कुस्करून द्यावी लागली. नाकाच्या मुळाशी दाब वाटतो म्हणे. दुखले असे फारसे नाही. आठवड्याच्या आत समोरच्या दोन दातांत फट पडली आणि त्याची आजी घाबरली, "हाई काय व्हयनं रे?" आम्ही तिला सॅन फ्रान्सिस्कोच्या मुलीची गोष्ट सांगितली. फट पडणे हीच तर सांधा उघडल्याची खूण. ती पुढे आपोआप भरून येते, आणि आलीही. स्क्रू फिरवणे दोन-तीन आठवड्यांत संपते, पण यंत्र काही महिने तसेच ठेवावे लागते. नाहीतर नवे हाड पक्के होण्याआधी सगळे मूळपदावर येते.

झोपेवर याचा परिणाम किती? २००४ साली रोमच्या डॉक्टरांनी, ज्यांच्या टॉन्सिल-ॲडेनॉइडची तक्रार नव्हती पण टाळू अरुंद होती, अशी ३१ मुले निवडली. त्यांचा श्वास झोपेत तासाला सरासरी १२ वेळा अडखळत असे. जबडा रुंद केल्यावर चार महिन्यांनी तो आकडा एकाच्या खाली आला. आकडा डोळे दिपवणारा खरा, पण मुले निवडलेली होती आणि तुलनेला उपचार न केलेला गट नव्हता, हेही लक्षात ठेवावे. शिवाय स्क्रूने मिळालेली सगळी रुंदी नाकापर्यंत पोहोचत नाही. सांधा खाली दातांकडे जास्त आणि वर नाकाकडे कमी उघडतो. अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले की जबडा खरोखर अरुंद असेल तरच हे करावे, केवळ घोरणे थांबावे म्हणून सरसकट करू नये. तेव्हा कोणी तोंडात न पाहता, झोपेची चौकशी न करता "स्क्रू बसवा, पोरगा हुशार होईल" असे म्हणाला, तर सभासदांनी सरळ उठून यावे.

आता जे लिहायला जड जाते ते लिहितो. आमचा थोरला मुलगा, म्हणजे या नातवाचा बाप, लहानपणी असाच घोरत असे. त्याची टाळूही तशीच आहे, हे परवा नातवाबरोबर त्याचेही तोंड पाहिले तेव्हा कळले. त्याच्या वेळी आम्ही हसण्याखेरीज काही केले नाही. आज त्याचा सांधा जुळलेला आहे. मोठ्या माणसाचा जबडा रुंद करायचा तर शस्त्रक्रियेची जोड द्यावी लागते, किंवा हाडातच बारीक स्क्रू रोवून करतात. ते सर्वांना जमते असे नाही. तो आता रात्री नाकावर मुखवटा लावून यंत्राच्या हवेवर झोपतो. ही युक्ती १९८१ साली ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी काढली. मुखवट्याला सुरुवातीला तो "बैलाची मुसकी" म्हणे. पण ट्रॅक्टरवर डुलक्या येत त्या थांबल्या, तेव्हापासून स्वतःच रोज लावतो. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ च्या फेब्रुवारीत मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी याच दुखण्याचे नाव घेतले होते.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, सगळीकडे भिल्ल आणि पावरा कुटुंबांत सिकलसेल आहे. प्राणवायू कमी पडला की या रोगात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मूल कळांनी तळमळते. अशा मुलांत टॉन्सिल वाढणे आणि झोपेत श्वास अडणे जास्त आढळते. म्हणजे ज्याला प्राणवायूची उणीव सोसत नाही, त्याचाच रात्री उणा पडतो. स्क्रूने सिकलसेल बरा होत नाही, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. पण सिकलसेलचे पोर घोरत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आणि त्याच्यावर टॉन्सिलची किंवा कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, तर भूल देण्यापूर्वी रोगाची माहिती द्यावी, कारण त्याची तयारी वेगळी असते. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. तपासणी करून घ्यावी. आपल्या तोडणी कामगारांची पोरे हंगामात फडाच्या कडेला झोपडीत झोपतात, त्यांचे घोरणे ऐकायला कोण बसते? मुकादमांनी आणि गटातल्या कर्मचाऱ्यांनी निदान विचारपूस तरी करावी.

नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, आणि नवापूरकडच्या मंडळींना सुरतेची गाडी जवळची. मात्र यंत्र बसवले की महिन्या-दोन महिन्यांनी दाखवायला जावे लागते. तो जाण्या-येण्याचा खर्च आधी धरून चालावे. आम्ही धरला नव्हता.

आमच्या पोराचे घोरणे महिन्याभरात कमी झाले. अंथरूण ओले होणे अडीच महिन्यांनी थांबले. ते जबड्यामुळे की वयामुळे, असे विचारले तर डॉक्टर म्हणाले, दोन्हीमुळे असेल. गळीत चालू असताना वारा फिरला आणि भुगा वस्तीवर आला की नाक अजून चोंदते, मग मिठाच्या पाण्याने धुतो. गुरुजींची चिठ्ठी बऱ्याच दिवसांत आलेली नाही. काढलेले यंत्र पोराने पेढ्याच्या डब्यात जपून ठेवले आहे आणि येईल त्याला दाखवतो. चावी मात्र सूनबाईने आमच्या ऊसनोंदीच्या पावत्यांशेजारी खिळ्याला टांगून ठेवली आहे, दोऱ्यासकट. धाकटी नात पाच वर्षांची आहे आणि परवापासून तीही घोरू लागली आहे.